खालच्या दोन ओळी

मागच्या महिन्यात, म्हणजे नोव्हेंबर २०२३ मध्ये, मी एकटी गोव्याच्या चित्रपट महोत्सवाला जाऊन आठवडाभर परदेशी सिनेमे बघून आले. परतल्यापासून ओळखीच्या तीन-चार बायकांनी मला एकच प्रश्न विचारला, "तुला ते खालचं इंग्रजी वाचायला जमतं?" खालचं इंग्रजी म्हणजे सबटायटल, पडद्याच्या तळाशी येणारं संवादांचं भाषांतर. त्या बायकांसाठी हे सगळं पहिल्यापासून लिहून काढते आहे. पावणेदोन वर्षांपूर्वी मलाही ते जमत नव्हतं.

मी नागपूरला, मानेवाड्यात राहते, एका पतसंस्थेत लेखापाल आहे. शाळा मराठी माध्यमाची, पुढे बी. कॉम. इंग्रजी कामापुरतं येतं. परिपत्रकं वाचते, बँकेला पत्रं लिहिते. पण परिपत्रक टेबलावर पडून राहतं, नाही कळलं तर पुन्हा वाचता येतं. पडद्यावरची ओळ कोणासाठी थांबत नाही.

मार्च २०२२ मध्ये आमचे निवृत्त व्यवस्थापक, ज्यांना आम्ही सगळे दादा म्हणतो, मला शंकरनगर चौकाजवळच्या एका छोट्या हॉलमध्ये घेऊन गेले. तिथे तीस-चाळीस लोक महिन्यातून एकदा जमून सिनेमा बघतात. प्लास्टिकच्या खुर्च्या, भिंतीवर पांढरा पडदा, चहाचे दहा रुपये. त्या दिवशी एक तुर्की सिनेमा होता, अडीच तासांचा आणि मध्यंतराशिवाय. लहानपणी आम्ही सदरला लिबर्टीत किंवा वर्धा रोडवर पंचशीलला जायचो, तेव्हा मध्यंतरातला समोसा हा सिनेमाचाच भाग असायचा. इथे अडीच तास मी नुसत्या खालच्या ओळी वाचत बसले. ओळ संपवून वर बघेपर्यंत माणसं बदललेली असायची. घरी येताना डोकं दुखत होतं आणि त्या सिनेमातल्या एकाही माणसाचा चेहरा आठवत नव्हता. गाडीवर मागे बसल्या बसल्या मी ठरवलं की हे आपल्यासाठी नाही. दादांना तसं सांगितलं मात्र नाही.

एप्रिलमध्ये त्यांनी पुन्हा बोलावलं. म्हणाले, "या वेळी वाचायचं काहीच नाही, ये." तो सिनेमा होता जपानचा, 'द नेकेड आयलंड', १९६० सालचा, कानेतो शिंदो यांचा. एका लहानशा बेटावर नवरा-बायको आणि दोन मुलगे राहतात. बेटावर गोडं पाणी नाही. ती दोघं रोज होडी वल्हवत पलीकडे जातात, खांद्यावरच्या दांडीला दोन्हीकडे बादल्या टांगून पाणी आणतात, उभा चढ चढतात आणि एकेका रोपाला ओगराळ्यानं पाणी घालतात. रोप पाणी पितं आणि ती पुन्हा निघतात. जवळजवळ दीड तासाच्या सिनेमात संवाद नाहीतच म्हटलं तरी चालेल. दहा मिनिटांनी माझ्या लक्षात आलं की मी पुढे वाकून बसले आहे आणि बाईचा पाय कुठे पडतो तेवढंच बघते आहे.

हा सिनेमा मला आईला दाखवायचा होता. दादांकडे त्याची डीव्हीडी होती आणि आमच्याकडे जुना प्लेअर. मे महिन्यातल्या एका रविवारी दुपारी लावला. बाहेर पंचेचाळीस अंश, खिडकीत कूलर पूर्ण जोरात. एरवी कूलर चालू असला की टीव्हीचा आवाज तीसच्या वर न्यावा लागतो. त्या दिवशी त्याची काही गरजच नव्हती.

आई एकाहत्तर वर्षांची. माहेर आणि सासर दोन्ही नरखेड तालुक्यातलं. ती आधी सुपात तांदूळ घेऊन निवडत बसली होती. पाच मिनिटांनी तिचा हात थांबला.

"कावड आहे थे."

मी हो म्हटलं.

"कुठचे लोक आहेत गं हे?"

"जपानचे."

"आपल्यासारखंच करून राहिले."

मग ती बाई चढावर अडखळते आणि एक बादली सांडते. नवरा खालून येतो आणि तिला थोबाडीत मारतो. ती खाली पडते. तो तिच्याकडची बादली उचलतो, दोघं पुन्हा कामाला लागतात. मी आईकडे पाहिलं. तिनं तांदळाचं सूप खाली ठेवलं होतं.

ती म्हणाली, "आमची विहीर दोन वावरं ओलांडून होती. नवीन होती मी, सोळा-सतरा वर्षांची. डोक्यावर गुंडी, कमरेवर मातीची घागर. बांधावर पाय सरकला अन् घागर फुटली. तुह्या आजीनं काही म्हटलं नाही. रात्री फक्त माह्या ताटात भाकर वाढली नाही."

त्रेचाळीस वर्षांत हे मी पहिल्यांदा ऐकत होते. तिनं ते रडून सांगितलं नाही. सांगितलं, पुन्हा सूप मांडीवर घेतलं आणि "पुढं लाव" म्हणाली, कारण मी सिनेमा थांबवला होता. शेवटी मुलगा गेल्यावर ती जपानी बाई बादली उलटी करते, रोपं उपटते, जमिनीवर पडून रडते. नवरा नुसता उभा राहतो, या वेळी हात उचलत नाही. आई एवढंच म्हणाली, "आता नाही मारणार तो."

त्या दुपारनंतर मला हे सिनेमे सोडवेनात. पण सगळ्याच सिनेमांत कावड नसते, बहुतेकांत माणसं बोलतात. म्हणून मग वाचायला शिकायचं ठरवलं. जून २०२२ पासून जवळजवळ वर्ष-सव्वा वर्ष हे चाललं, आठवड्यातून एक सिनेमा, शनिवारी रात्री. एका अॅपची वर्गणी बहिणीसोबत निम्मी निम्मी वाटून घेतली होती.

दादांनी पहिल्यांदा गणित सांगितलं. खाली एका वेळी फार तर दोन ओळी येतात. ओळीत साधारण चाळीस अक्षरं असतात, आणि मोठ्यात मोठी ओळही सहा-सात सेकंदांच्या वर थांबत नाही. माझं काम आकड्यांचं, त्यामुळे हे ऐकून बरं वाटलं. म्हणजे समोर पुस्तक नव्हतं, एका वेळी दहा-बारा शब्द होते, आणि तेही बहुतेक बोलण्यातले साधे शब्द.

दुसरी गोष्ट माझी मलाच सापडली. मराठी सिनेमा इंग्रजी सबटायटल लावून बघायचा. मी 'कोर्ट' असा बघितला. संवाद कानाला कळतच असतात, त्यामुळे डोळ्याला नुसती सवय होते: ओळ कधी येते, कुठे तुटते, कधी जाते. लांबलचक मराठी वाक्य चार इंग्रजी शब्दांत कसं बसवतात तेही दिसतं. सगळं लिहिलेलं नसतंच, हे कळल्यावर एखादा शब्द सुटल्याची धास्ती कमी झाली. ज्यांना कुठून सुरुवात करावी कळत नाही त्यांना मी हेच सांगेन.

तिसरं म्हणजे लहान सिनेमे आधी बघायचे. फ्रान्सचा 'द रेड बलून' १९५६ चा, फक्त ३४ मिनिटांचा. पॅरिसच्या गल्ल्यांतून एक लाल फुगा एका मुलाच्या मागे मागे फिरतो. बोलणं नावालाच आहे, आणि त्याला ऑस्कर मिळालं ते पटकथेसाठी. पटकथा म्हणजे संवाद असंच मी तोवर समजत होते.

मग इराणच्या अब्बास किआरोस्तामींचा 'व्हेअर इज द फ्रेंड्स हाउस', १९८७ चा. एका शाळकरी मुलानं चुकून मित्राची वही घरी आणली आहे. उद्या वही नसेल तर मास्तर मित्राला शाळेतून काढणार, म्हणून तो ती परत द्यायला पलीकडच्या गावी निघतो. गोष्ट एवढीच. ८३ मिनिटांचा हा सिनेमा पहिल्यांदा बघायला मला सव्वादोन तास लागले, कारण दर ओळीला मी तो थांबवत होते. आणि अर्ध्यात कधीतरी माझ्या कानावर एक शब्द आदळला, "दफ्तर". तो मुलगा आईला पुन्हा पुन्हा सांगतो आहे आणि दरवेळी तोच शब्द येतो. खाली इंग्रजीत वही लिहिलं होतं. मी उठून बसले. फारसीत वहीला दफ्तर म्हणतात. आपल्याकडे त्याच शब्दाचं शाळेचं दप्तर झालं आणि कचेरीतलंही. त्या सिनेमाचं मूळ नावच 'खाने-ये दूस्त कोजास्त' आहे. दवाखान्यातलं, कारखान्यातलं खाना म्हणजे घर, आणि दूस्त म्हणजे आपला दोस्त.

सोमवारी कामावर गेले. समोर रोजकीर्द उघडी होती. जमा, खर्च, बाकी, हिशेब, तारीख. वीस वर्षं मी हे शब्द लिहिते आहे. ते अरबी-फारसीतून, जुन्या दरबारी कारभारातून मराठीत आले हे शाळेत शिकले होते, पण त्या सोमवारी ते मला ऐकू आले. इराण मला नकाशावर जितका लांब वाटायचा तितका तो माझ्या कीर्दीपासून नव्हता.

तेव्हापासून मी ओळ आधी एका नजरेत उचलायची आणि उरलेला वेळ चेहऱ्याकडे द्यायचा, असं करू लागले. कळला नाही तो शब्द सोडून द्यायचा, एका सिनेमात पाचच शब्द नंतर शब्दकोशात बघायचे. २०२३ च्या उन्हाळ्यापर्यंत सिनेमा मध्ये थांबवणं बंद झालं.

गोव्याला होणारा भारताचा आंतरराष्ट्रीय चित्रपट महोत्सव, म्हणजे इफ्फी, दादांनी पूर्वी दोनदा जाऊन पाहिला होता. पहिला महोत्सव १९५२ मध्ये मुंबईत झाला आणि २००४ पासून तो पणजीत भरतो, हे त्यांच्याकडूनच कळलं. २०२३ चा चोपन्नावा, २० ते २८ नोव्हेंबर. या वर्षी गुडघ्यामुळे त्यांना जाणं शक्य नव्हतं. "तू जा, मला येऊन सांग," असं ते म्हणाले. एकटीनं जायचं, या विचारानं मला दोन आठवडे नीट झोप लागली नाही.

मी गाडीचं तिकीट सगळ्यात आधी काढलं, ऑगस्टमध्ये. ते बरं झालं, कारण दिवाळी १२ नोव्हेंबरला होती आणि नंतरच्या आठवड्यात जागा मिळणं कठीण. नागपूर-मडगाव विशेष गाडी, शनिवारी १८ तारखेला जाणारी आणि पुढच्या रविवारी २६ ला मडगावहून परतणारी. शेवटचे दोन दिवस हुकणार होते, पण रजा तेवढीच शिल्लक होती. रजेच्या अर्जावर कारण काय लिहावं हा मोठा प्रश्न होता. घरगुती काम असं लिहून ठेवलं होतं. नंतर तो कागद फाडला आणि 'चित्रपट महोत्सवास उपस्थित राहणे' असं लिहिलं. साहेबांनी वाचलं, वर पाहिलं आणि सही केली.

नोंदणी ऑनलाइन. नोंदणीचे प्रकार असतात: सिनेमाच्या धंद्यातले, विद्यार्थी आणि सिनेरसिक. आपण सिनेरसिक. २०२३ मध्ये विद्यार्थ्यांना फी नव्हती, आम्हाला १,००० अधिक १८ टक्के जीएसटी, म्हणजे १,१८० रुपये होती. आधार कार्ड आणि पासपोर्ट आकाराचा फोटो लागतो. मी मोबाईलवर काढलेला, मागे पडदा असलेला फोटो चढवला आणि तो नाकारला गेला. मग मेडिकल चौकातल्या स्टुडिओत पांढऱ्या पार्श्वभूमीवर नवीन काढून घेतला, ८० रुपये. तुम्ही पहिल्यांदाच तसा काढून ठेवा, आणि नाव आधारवर आहे तसंच लिहा, कारण प्रवेशाचा बिल्ला घेताना ओळखपत्र बघतात. मंजुरीचा ईमेल मी नऊ दिवस वाट बघून शेवटी स्पॅममध्ये शोधला. तो पाचव्याच दिवशी येऊन पडला होता.

आईला भाऊबीजेच्या दिवशी सांगितलं, भाऊ घरी असताना. भावाला काळजी वाटली. आई म्हणाली, "जाऊ दे तिले. पाहून येईल."

प्रवासात एक पिशवी संत्री घेतली होती, ज्यांच्या घरी खोली घेतली त्या मावशींसाठी. रविवारी गाडी कोकणात शिरली तेव्हा अहमदाबादला विश्वचषकाचा अंतिम सामना सुरू झाला होता. अख्खा डबा मोबाईलमध्ये. बोगदा आला की रेंज जायची आणि बाहेर आलो की कोणीतरी ओरडून धावा सांगायचा. मी करमळीला उतरले, पणजीला तेच जवळ पडतं. रात्री ताळगावच्या खोलीत पोचेपर्यंत भारत हरला होता आणि रस्ते सुनसान होते. त्या रात्री मला घरची फार आठवण आली. हे इथे लिहिते आहे, कारण पहिली रात्र अशीच जाते आणि दुसरी तशी जात नाही.

बिल्ला सोमवारी सकाळी जाऊन घेतला, फारशी गर्दी नव्हती. सिनेमे चार ठिकाणी होते: पणजीचं आयनॉक्स, त्याला लागूनच मॅकिनेझ पॅलेस, शहरातलं सम्राट अशोक आणि मांडवीच्या पलीकडे पर्वरी. वेळापत्रक बघून मला पहिल्यांदा घाबरायला झालं. अडीचशेच्या वर सिनेमे, एका वेळी आठ-दहा पडदे. मी हिशेबाच्या वहीसारखे रकाने आखले: वेळ, ठिकाण, देश, लांबी. पणजी आणि पर्वरी यांच्यात किमान तासाभराचं अंतर हवं, पूल ओलांडायचा असतो. जागा आधी बुक करायची असते, तेव्हा बुकिंग कधी उघडतं ते आदल्या रात्रीच बघून ठेवा. जागा संपली तरी ज्यांच्याकडे तिकीट नाही त्यांची वेगळी रांग असते. मी त्या रांगेतून चार सिनेमे बघितले, आणि रांगेतच कोल्हापूरच्या एका निवृत्त शिक्षिकेशी ओळख झाली. त्या अठरा वर्षं येतात. त्यांनी दोन गोष्टी सांगितल्या. दिवसाला चार सिनेमे करू नको, आणि बाहेर आल्याबरोबर दोन ओळी लिही, नाहीतर संध्याकाळी सगळे सिनेमे एकमेकांत मिसळतात. बुधवारी मी चार केलेच. रात्री एका सिनेमातला म्हातारा दुसऱ्या सिनेमातल्या घरात राहतो असं वाटायला लागलं. गुरुवारपासून तीन.

सकाळी पातळ भाजी आणि पाव, दुपारी मिळेल ते. खाणं नीट हवं, रिकाम्या पोटी वाचवत नाही.

एका इराणी सिनेमाबद्दल सांगायचं आहे. अब्बास अमिनी यांचा 'एंडलेस बॉर्डर्स', इराण-अफगाणिस्तानच्या सरहद्दीवरच्या गावातल्या शिक्षकाची गोष्ट. मी रांगेतून आत गेले, त्यामुळे पुढची जागा मिळाली, आणि माझ्या समोर एक उंच गृहस्थ. त्यांच्या डोक्याआड खालच्या दोन्ही ओळी गेल्या. डावीकडे झुकले तर शेजारच्या बाईंना त्रास. पहिली पाच मिनिटं मी अगदी रडकुंडीला आले होते. मग मी सरळ बसले आणि चेहरे बघायला लागले. कोण कोणाशी बोलताना डोळे खाली घेतो, कोण दारात उभा राहतो आणि आत येत नाही. मधूनच ओळखीचा शब्द कानावर यायचा आणि जायचा. ओळींचा शेवटचा तुकडा तेवढा दिसत होता. त्या तुकड्यांवर आणि चेहऱ्यांवर मी अख्खा सिनेमा बघितला. सगळा कळला असं म्हणणार नाही. पण दिवे लागले तेव्हा माझे हात गार पडले होते, आणि त्यातले चेहरे मला आज, हे लिहिताना, एकेक दिसत आहेत. तुर्की सिनेमा बघून गाडीवर मागे बसून घरी येणारी बाई मला त्या क्षणी आठवली.

रविवारी संध्याकाळी मडगावहून गाडी धरली. मंगळवारी कामावर रुजू, आणि बुधवारी सकाळी पेपरात वाचलं की 'एंडलेस बॉर्डर्स'ला सुवर्णमयूर, म्हणजे महोत्सवातला सर्वोच्च पुरस्कार मिळाला. मी लगेच दादांना फोन केला. ते म्हणाले, "डोक्याआडून बघितलेला ना?"

खर्च विचारतात म्हणून: नोंदणी १,१८०, गाडी जाऊन-येऊन स्लीपर १,६४०, खोली सात रात्रींची ७,७००, खाणं-चहा २,९००, बस आणि रिक्षा ८४०. एकूण १४,२६०. खोली दोघींत घेतली तर यातले साडेतीन-चार हजार वाचतील. पुढच्या वर्षी कोणी येणार असेल तर मला सांगा.

गेल्या रविवारी आईनं विचारलं, "त्या जपानवाल्यासारखा दुसरा नाही का?" मी तिला दप्तरवाला लावून दिला. आता कूलर नाही, थंडी आहे, ती शाल घेऊन बसली. खालच्या ओळी मी मोठ्यानं आमच्या बोलीत सांगत होते. मुलगा आईला सांगतो आहे की वही द्यायला जायचं आहे, आणि ती कपडे धुतेय, बाळाला बघायला सांगतेय, गृहपाठ कर म्हणतेय. आई चिडली.

"केव्हाचं सांगून राहिला पोट्टा. ऐकत काहून नाही ही बाई?"

मग थोडा वेळ गप्प राहून म्हणाली, "कामात असली का ऐकूच येत नाही."

चाळीस मिनिटांत माझा घसा बसला. मुलगा तेव्हा पलीकडच्या गावात दारोदार मित्राचं घर विचारत होता. आईनं रिमोट मागून घेतला, स्वतःच थांबवलं आणि म्हणाली की उरलेलं पुढच्या रविवारी.